बिनहळदीचं जेवण

सुनंदा गावकर, राहणार कारापूर, गोवा, वय बेचाळीस. हिच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, गणपती पोचवल्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, देवळाच्या मंडपात. आमच्या घरची माटोळी, गणपतीवर बांधतात ती फळापानांची चौकट, अजून उतरायची होती. अन्याय करणारी मी. रक्ततपासणीच्या शिबिरात सुनंदा टेबलासमोर बसली होती, नर्सने तिच्या दंडाला पट्टा आवळला होता आणि माझ्या हातात माईक होता. "हात फुडें केलाय बाय, आता मागे घेऊ?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "घ्या मागे."

हे आधी लिहून टाकलं, कारण ज्या माणसाबद्दल मी लिहिणार आहे त्याला गोड सुरुवात आवडली नसती. "आधी वाईट काय तें सांग," असं तो प्रत्येक रोग्याला म्हणायचा.

माणूस म्हणजे उजवाडाचे दोतोर. यकृताच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करणारे सर्जन, मूळचे पेडण्याचे. शस्त्रक्रिया संपली की हा रोग एकेका घरात पुन्हा पुन्हा का शिरतो, याच्या मागे लागलेले. नाव लोकांनी ठेवलं. कुणी तपासायला आलं की ते त्याला मनगटाला धरून उन्हात आणायचे. "उजवाडांत यो. ट्यूबलाइटखाली सगळेच गोरे दिसतात." मग पापणी वर ओढून डोळ्यांतला पांढरा भाग निरखायचे, नवरी बघायला आल्यासारखे. रिपोर्ट खिशात असला तरी आधी उजेड, मग कागद. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता आणि यकृतावर तर मुळीच नव्हता. "दात दुखला तर माणूस घर डोक्यावर घेतो. हें मेलं अर्धं सडलं तरी गप्प. इतक्या सोशीक अवयवावर कोणी विश्वास ठेवायचा?"

मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हते. आमच्या डिचोलीच्या बाजूला एका खाणवाल्याने फुकट चष्मे वाटले होते. चष्म्यासाठी घेतलेल्या सह्या पुढे खाणीला गावाचा होकार म्हणून जोडलेल्या निघाल्या. माझ्या आजोबांची सही त्यात होती. तेव्हापासून फुकट शिबिर दिसलं की मी वही काढते. आणि हे दोतोर तर वर रक्त नेत होते! बर्फाच्या पेटीत, नळ्या भरभरून. एक दिवस मी स्कूटर घेऊन त्यांच्या गाडीमागे गेले. गाडी पेडण्यात शिरली आणि पठार चढू लागली. वाटेत ते एका पोदेराकडे, पाववाल्याकडे, थांबले, गोल उंडे घेतले, स्टिअरिंगवर कोपर टेकून खाल्ले. मी समोरच्या काजूखाली लपून घामाघूम. मग गाडी मोपाला, विमानतळाच्या मालाच्या फाटकाशी. पेटी आत गेली. मी फोटो काढला.

घरी येऊन पत्रक लिहिलं. 'तुमचं रक्त चाललंय कुठे?' मुद्दा एक : रक्त विमानाने परदेशी जातं. मुद्दा दोन : कुठल्याशा औषध कंपनीला विकलं जातं. मुद्दा तीन : संमतीचा कागद इंग्रजीत आहे आणि कुणालाही वाचून दाखवलेला नाही. खाली तो फोटो. कारापुरात घरोघर वाटलं. दोतोरांना मात्र एक शब्द विचारला नाही. पन्नास पावलांवर ते उंडा खात होते. विचारता आलं असतं.

त्या सोमवारी मंडपात आरडाओरडा झाला. देवस्थानच्या मंडळींनी टेबलं उचलायला लावली. दोतोर पायऱ्यांवर बसले आणि त्यांनी माझं पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं.

"हें तू लिहिलंस?"

"मी."

"मुद्दा तीन बरोबर. शंभर टक्के बरोबर. माझी चूक." मग चष्मा वर करून, "एक आणि दोन तू खंय तपासलेस?"

मी म्हटलं, "पेटी मोपाला गेली, मी डोळ्यांनी पाहिली."

"फाटकापर्यंत पाहिली गो. पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते. ही चाचणी इथे होत नाही." आणि उठता उठता, "फोटो बरा आलाय. गाडी धुवायला हवी होती."

चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याने त्यांचा फोन. "पत्रकबाय, संमतीचा कागद मराठीत करून दे. तुझ्या भाषेत लोकांना कळतं, हें मी मंडपात पाहिलं." मी म्हटलं, हा मला गप्प करण्याचा डाव. तरी कागद हातात घेतला, आणि घेतला तो सोडला नाही. उरलेल्या रक्ताचं काय करणार? नको म्हटलं तर उपचार थांबणार का? कुणी मधेच माघार घेतली तर नळी फेकणार की ठेवणार? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी लेखी मागितलं. त्यांनी दिलं. मी पुन्हा प्रश्न काढले. मुंबईच्या प्रयोगशाळेच्या पावत्या मागितल्या, त्याही आल्या. दिवाळी गेली, जत्रा गेल्या. पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटाच्या बैठकीत एका शब्दावर दोन रविवार गेले. मला वाटत होतं मी लोकांना राखतेय. ते दर फोनला एवढंच विचारायचे, "कधी जाता, बाय?" कागद कधी होणार, म्हणजे.

फाल्गुनातला शिगमो आटोपल्यावर शिबिर पुन्हा बसलं. कागद मी स्वतः मोठ्याने वाचला. लक्ष ठेवण्यासाठी त्यांच्या शेजारीच खुर्ची मांडून बसले. तिथे त्यांची खरी रीत पाहिली.

आमच्याकडे कामीण, म्हणजे कावीळ, दोतोराला सांगत नाहीत. गावठी औषध घेतात, आणि औषध बोलून दाखवलं की गुण जातो असं मानतात. डोळे पांढरे झाले की कामीण उतरली, विषय मिटला. पण काही कामिणींचा विषाणू उतरत नाही. रक्तात बसून राहतो, पुढे यकृत खातो, आईकडून पोरांत जातो. म्हणून "घरात कामीण कुणाला झाली होती?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : कुणाला नाही. दोतोर तसं विचारतच नसत. ते बायकांना विचारायचे, "तुमच्या घरात बिनहळदीचं कधी कुणासाठी रांधलं होतं?"

बायका हसायच्या आणि मग थांबायच्या नाहीत. "दिराला रांधलं हो, महिनाभर! माशाच्या हुमणासाठी रडायचा." "सासूला. ती चोरून खायची." कामिणीचं पथ्य म्हणजे हळद बंद, हे त्यांना ठाऊक होतं. रोग लपवणाऱ्या घरात कुणीही वेगळा टोप लपवला नव्हता. दोतोर एकेक नाव विचारून वहीत घेत.

त्या वहीत शेवटचा रकाना असायचा. शस्त्रक्रियेनंतर जो तपासायला आला त्याच्यापुढे खूण, जो वारला त्याच्यापुढे तारीख. जो आलाच नाही त्याच्यापुढे रिकामं. "आला नाही म्हणजे बरा झाला असं लिहिणारे संशोधक खूप आहेत. मी त्यांचा निबंध वाचतो आणि वहाण शोधतो." रिकाम्या रकान्यातल्या माणसांकडे ते रविवारी स्वतः जात, सरकारी बसने, पत्ता विचारत विचारत. एकदा वास्कोला चार चाळी फिरले. बेळगावकडचा एक गवंडी होता, तो गावी निघून गेला होता. रकाना रिकामाच राहिला.

तर शिगम्यानंतरच्या त्या शिबिरात सुनंदा आली. दोतोरांनी हळदीचं विचारलं. ती म्हणाली, "आवयने आम्हां दोघांनाही रांधलं होतं. भावाला आणि मला." भाऊ दोतोरांच्याच टेबलावर कापला गेला होता आणि दोन वर्षांनी वारला. सोमवारच्या त्या पहिल्या यादीत तिचं नाव म्हणूनच सर्वांत वर होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

ते तिला पायऱ्यांवर घेऊन गेले. उजवाडात पापणी वर ओढली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. विनोद केला नाही. तेव्हाच मला कळलं.

सोनोग्राफीत गाठ मोठी निघाली, यकृताच्या मुख्य शिरेत शिरलेली. "यकृत कापलं तर पुन्हा वाढतं," ते मला समजावत होते, "पण बरा तुकडा मागे ठेवावा लागतो. हिच्यात तो उरला नाही."

मी विचारलं, "चतुर्थीला तपासलं असतं तर?"

"माहीत नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"तुला बरं वाटावं म्हणून नाही, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही. तेव्हाची सोनोग्राफी माझ्याकडे नाही. कदाचित गाठ लहान असती. कदाचित नसती. माहीत नाही, असंच लिही. पण कोणामुळे माहीत नाही, तेंही लिही."

लिहिलं.

सुनंदा मानकुराद आंबे बाजारात असतानाच गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्याकडे जायचे. तिने मला कधी दोष दिला नाही. फक्त एकदा म्हणाली, "चेडवाचं रक्त घेतलं मगो?" चेडू म्हणजे तिची मुलगी, अठरा वर्षांची. घेतलं होतं. विषाणू निघाला, यकृत अजून साफ आहे. आता ती रोज एक गोळी घेते, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करते. आईचं नाव इथे मी तिला विचारून छापलंय.

दोतोर आषाढात गोव्याबाहेर गेले, दुसऱ्या इस्पितळात शिकवायला. मी पोचवायला मोपाला गेले, त्याच रस्त्याने. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"पिशवीत काय आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. उंडे होते. "मोजून घे," म्हणाले. मग काखेतली एक वही माझ्या हातात दिली. मी चाळली. कोरी होती. "रोग्यांची वही इस्पितळात राहिली, ती तुला द्यायचा मला अधिकार नाही. ही तुझी. नावं विचारून मिळव." आणि आत जाताना मागे वळून, "संशय सोडू नको गो. मला संशयी माणसं लागतात. फक्त दाराची कडी वाजवत जा."

माझा संशय सुटलेला नाही. फुकट शिबिर दिसलं की मी अजून वही काढते. पण आता आधी कडी वाजवते.

आता तुम्ही. माझं ते पत्रक कारापुरात आणि आसपास अजून पुष्कळ घरांत असेल, कपाटात, डब्याखाली. काढा. फाडू नका. उलटं करा, मागची बाजू कोरी आहे. घरातल्या सगळ्या माणसांची नावं लिहा. मग स्वयंपाकघरात जा आणि विचारा, ह्या घरात बिनहळदीचं कधी कुणासाठी रांधलं होतं? आजी लाजेल, तिला बोलतं करा. एक जरी नाव निघालं तरी यंदाची माटोळी बांधायच्या आत यादीतल्या प्रत्येकाला आरोग्य केंद्रात न्या, कावीळ ब ची तपासणी मागा, कागद मराठीत वाचून घ्या आणि हात पुढे करा. तपासणी झाली त्याच्यापुढे खूण. झाली नाही त्याच्यापुढे रिकामं सोडा. 'बरा आहे' असं लिहू नका. चतुर्थीला मी दारात येईन आणि तो कागद मागेन.