चौमहल्ल्यातल्या बाकावर

मायला राजवाडा बघायचा होता. हे ती मला सांगायची, बाबांना कधीच नाही. लग्न होऊन कुरुंद्याला आल्यापासून, माहेर सोडलं तर, तिचं फिरणं औंढा नागनाथाच्या पुढे गेलं नव्हतं, आणि तेही दर्शन घेऊन दिवस मावळायच्या आत परत. मी हिंगोलीला शाळेत शिकवते. गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीच दोघांना उठवलं आणि हैदराबादला घेऊन गेले.

बाबांचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं. विहिरीवरची मोटर चालू ठेवून घरी यायचे, एका बाजारातून तीनदा मीठ आणायचे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि माणसांत ठेवा म्हणून सांगितलं होतं. आम्ही थोडं हसायचो, थोडं रागवायचो. त्यापलीकडे काही वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या संगमरवरी देवळात गेलो. माय खांबांवरून हात फिरवत राहिली. एवढं पांढरंफेक, कुठं कुंकवाचा डाग नाही, देवाला इथं करमतं कसं, असं तिनं मला हळूच विचारलं. बाबा खुशीत होते. गुरांच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत ते तिथल्या पहारेकऱ्याशी पाऊसपाण्याचं बोलत बसले.

दुपारी तो राजवाडा, चौमहल्ला. दरबाराच्या दालनात माय झुंबरांखाली मान वर करून इतका वेळ उभी राहिली की मागची माणसं तिला वळसा घालून जायला लागली. एवढ्या काचा पुसत कसे असतील, हाच तिला प्रश्न पडला होता. बाबा दमले म्हणून आम्ही बाहेर हौदाजवळच्या बाकावर त्यांना बसवलं. माय त्यांच्या शेजारी बसली. मी पाण्याची बाटली भरून आले आणि मायच्या बाजूला टेकले.

बाबांनी टोपी सारखी केली, मायकडे वळून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

माय हसली. तिला वाटलं, गंमत करून राहिलेत. पण इतक्या वर्षांच्या संसारात बाबांनी तिला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिचं हसू गेलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"साखऱ्याची," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा उजळला. "सेनगावाकडचं साखरा? माझी बायको तिथलीच. तिला आणायला पाहिजे व्हतं. तिला राजवाडा बघायची लई हौस हाय म्हने. पोरीला सांगते, मला न्हाई सांगत."

मग ते बोलत सुटले. एका वर्षी साखऱ्याहून निरोप आला होता की सासूबाईंचं काही खरं नाही, लेकीला धाडा. घरी हळद शिजवायला काढलेली, कढई चुलाणावर चढलेली, मजूर लावलेले. दोन दिवस थांब, मग जाऊ, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

मी तेव्हा आठेक वर्षांची होते. मला ते आठवतं. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. औंढ्याला एसटी बदलताना साखऱ्याचा एक माणूस भेटला आणि त्यानं सगळं आटोपल्याचं सांगितलं. माय तिथं रडली नाही. देवळाच्या शिखराकडे तोंड करून नुसती उभी राहिली. गावात पोचलो तेव्हा लोक राख सावडून परत येत होते. आमच्या घरात हा विषय पुन्हा कधी निघाला नाही. माय रांधत होती, वाढत होती, शेतात राबत होती. बाबांकडे मात्र ती काही मागायची नाही. लुगडं नाही, माहेरी धाडा म्हणून नाही. तिचा स्वभावच तसा, असं मी समजत आले.

"हळद दोन दिवस थांबली असती," बाबा त्या परक्या बाईला सांगत होते. "तिनं कदी बोलून दाखवलं न्हाई. पन मला बराबर कळतं. चूक माझीच व्हती."

"हे तिला सांगितलं का तुमी?" मायनं विचारलं.

"न्हाई."

"काहून?"

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भेव वाटतं. ती रडली तर म्या काय करू?"

"रडू द्या तिला. पन सांगा."

"घरी गेल्यावर सांगतो," बाबा म्हणाले.

मायनं पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हलायला लागले तसे बाबा अवघडून उठले. मला त्यांनी ओळखलं. "पोरी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ह्या बाईला पानी दे. काही दुःख असंल बिचारीला."

लॉजवर पोचेपर्यंत ते पुन्हा मायला ओळखायला लागले होते. धोतर भलत्याच पिशवीत भरलं म्हणून तिच्यावर चिडलेसुद्धा. चहा झाल्यावर मायनं त्यांना विचारलं, तुमाला मला काही सांगायचं होतं ना? बाबांनी मनापासून आठवून पाहिलं. हो, काहीतरी होतं, म्हणाले. आठवलं की सांगतो.

गोवळकोंडा न बघताच आम्ही परतलो.

हिवाळाभर माय त्यांना संधी देत राहिली. त्यांच्याजवळ बसून साखऱ्याचा विषय काढायची, आपल्या आईचा काढायची, हळदीचा काढायची. ते दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसे ऐकायचे. होळीपर्यंत त्यांना तीही ओळखू येईना आणि मीही.

एका रविवारी मी चिडून मायला म्हणाले की तुझ्यासमोर बोलले ना ते, तू ऐकलंस ना, मग झालं की. ती तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांनी साखऱ्याच्या बाईला सांगितलं. बायकोला न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "आन मला बी त्यांना सांगायचं व्हतं. माझा राग दोन वर्सांतच सरला व्हता. नुसती न मागायची सवय राहिली. ते आता कुनाला सांगू?"

तिनं सूप बाजूला ठेवलं, ओसरीत बाजेवर पडलेल्या बाबांजवळ गेली आणि त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. बाबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, पाहुण्या बाईसमोर हलवावी तशी, अदबीनं.

पेरण्यांच्या आधी ते गेले.