राहेलकाकूंचा उपास

पिकल्या पेरूंचा वास आला की मी आजही नागपूरच्या रेल्वे कॉलनीत, राहेलकाकूंच्या दारात जाऊन उभी राहते.

शेजारच्या राहेलकाकू ज्यू होत्या. त्या दिवशी त्यांचा वर्षातला मोठा उपास होता. पांढरी साडी नेसून, पाण्याचा घोटही न घेता, त्या पोथीतलं एकेक पाप वाचत होत्या आणि दर पापाला छातीवर हलकेच मूठ मारत होत्या.

"काकू, काहून मारून राहिल्या छातीवर?"

"आम्ही चोरी केली, असं देवाला सांगतेय."

"तुम्ही? चोरी?"

त्या हसल्या. "फार पूर्वी आमच्या लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं, म्हणून देव रागावला. त्यांचा पुढारी मोशे, त्यानं पुजलं नव्हतं. तरी तो म्हणाला, यांना माफ कर, नाहीतर माझंही नाव तुझ्या पुस्तकातून खोडून टाक. दुसऱ्याचं पापही कुणीतरी आपलं म्हणावं लागतं, बाळ."

मूठ पुन्हा छातीवर पडली. मी फ्रॉकचा खिसा घट्ट दाबून धरला. त्यात त्यांच्याच झाडाचे दोन पेरू होते.

उपाशी माणसाला पेरूचा वास किती लांबून येतो, हे मला फार उशिरा कळलं, स्वतः उपास धरायला लागल्यावर.