मन्याडकाठची राखण

मी सांगितलेल्या पक्ष्यांच्या आकड्याला माझा लातूरचा मित्र दहानं भागतो. ही त्याची जुनी रीत. विष्णुपुरीच्या पाण्यावर मी एकदा चारशे बदकं पाहिली. इतकी दाट, की पाणी दिसत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या नांदेडच्या नळाला पाणी आलं नाही, ते बदकांनी पिऊन टाकलं म्हणून. हे मी त्याला शपथेवर सांगितलं. त्यानं शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाला, "म्हणजे चाळीस." होती चाळीसच, पण तो मुद्दा नाही.

ह्या मित्राचं लातूरला भांड्यांचं दुकान आहे. लिंगायत घर, सकाळची पूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि तराजूत काटा जिथं थांबेल तिथंच ह्याची जीभ थांबते. घरचे-दारचे सगळे त्याला आप्पा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दसऱ्याच्या पुढंमागं उत्तरेकडून पक्षी उतरायला लागले की तो त्याची खटारा गाडी घेऊन तिकडून निघतो, मी इकडून नांदेडहून एसटीनं. अहमदपूरच्या स्टँडवर भेटायचं, भजी खायची आणि मन्याड नदीच्या काठाकाठानं दिवसभर माना वर करून हिंडायचं. आमच्या बायकांनी ह्या उद्योगाला काय काय नावं ठेवली आहेत ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

त्या वर्षी परतीचा पाऊस परतायचं विसरला. नवरात्रात जो बसला तो उठेचना. कापून ढीग घातलेलं सोयाबीन वाहून गेलं, उभं होतं त्याच्या शेंगांना झाडावरच मोड आले. कुठं कुठं तर वरची मातीच खरवडून गेली आणि वावराच्या जागी नुसते दगड उरले. एका ओढ्यात मी ट्रॅक्टर पोहताना पाहिला. बरं, पोहत नव्हता, वाहत होता. आप्पाच्या मते तो ट्रॅक्टर नव्हता, ट्रॉली होती.

आणि पक्षी? पक्ष्यांचा असा हंगाम मी जन्मात पाहिला नाही. एकेका वावराचं तळं झालेलं. त्यात शेकाट्या, तुताऱ्या, धोबी. जिथं लोकांचं वर्षभराचं खाणं कुजत होतं तिथं हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्यांची जेवणं चालली होती. दुर्बीण डोळ्याला लावावी आणि लाजेनं खाली घ्यावी असा प्रकार. आप्पा म्हणाला, "परत जाऊ या." मी म्हणालो, "नदीवर एक चक्कर मारू, मग जाऊ."

पुलाच्या अलीकडं गाडी उभी केली. मी तिपाई रोवून तिच्यावर मोठी दुर्बीण चढवली. खाली नदीच्या उतारावर एक बाई उलट्या घमेल्यावर बसली होती. साठीची असावी; लोकांना सांगताना मी ऐंशीची सांगतो. डोक्यावर पोत्याची खोळ, मांडीवर गोफण, पायाशी खड्यांचा ढीग. तिच्यापुढं चिखलात एक गाय आडवी पडलेली. देवणी, त्यातली वानेरा: अंग पांढरं, तोंड काळं. पोट फुगून नगाऱ्यासारखं झालं होतं आणि वास असा, की अहमदपूरच्या भज्यांना मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

"आलाव का सायेब," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "मला वाटलं, सांगाडा बघायलाच येताव."

"मावशी, मी साहेब नाही."

"मग ही मोजणीची दुर्बीण काय लग्नाला आणली?"

"पक्षी बघायला आलोय आम्ही."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "इथं रान वाहून गेलं, अन् तुम्ही पाखरं बघून राहिलाव."

"हो."

"खोटं तरी धड बोलावं, बाप्पा."

माझ्या थापा आजवर शिकल्यासवरल्या माणसांनी मिटक्या मारत गिळल्या आहेत. एकदा खरं बोललो तर ही गत. आप्पा चष्मा पुसत होता.

आम्ही उतरून तिच्यापाशी गेलो. हळूहळू सगळं कळलं. पुरात मेलेल्या जनावराची मदत मिळायची तर जनावरांच्या डॉक्टरानं ते डोळ्यांनी बघावं लागतं. गाईच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो, त्याच्यावरचा नंबर जुळवावा लागतो. शेजाऱ्याच्या म्हशीचं डोकं कुत्र्यांनी ओढून नेलं, बिल्ला त्याच्याबरोबर गेला. 'ही म्हैस तुमचीच कशावरून,' असं विचारून पंचनामेवाले निघून गेले. तेव्हापासून ही बाई गाईपाशी बसून. भाकरीसुद्धा इथंच.

"फोटो काढून ठेवायचा होता, मावशी," आप्पा म्हणाला.

"फोन गाईच्या आधी बुडाला." तिनं गोफणीत खडा घातला, एका कुत्र्याच्या पायाशी नेमका टाकला आणि पुन्हा बसली. "वास यायचा बंद झाला की समजायचं, आपण बी मेलो. अजून येतोय."

वर घारी फिरत होत्या. तेवढ्यात गाईच्या पांढऱ्या अंगावरून एक सावली सरकली, आणि ती सरकून संपायला इतका वेळ लागला की आम्ही दोघांनी एकदम वर बघितलं.

"घार नाही," आप्पा कुजबुजला.

गिधाड होतं ते. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडांची पंगत बसायची. आम्ही पोरं त्यांच्या अंगावर धावून जायचो, आणि ती जेवणात मीठ कमी पडल्यासारखी आमच्याकडं बघायची. मग कधीतरी ती यायची थांबली. कधी, ते कुणीच बघून ठेवलं नाही. गेली कितीतरी वर्षं आप्पा आणि मी दर हंगामात आभाळ चाळत होतो, गिधाडाचं एक पीस मिळालं नव्हतं. आणि आता हे कुठल्या डोंगरावरून उतरलं होतं कुणास ठाऊक. बांधावर उतरलं, पंख मिटले, उघडी मान पिसांच्या गळपट्टीतून बाहेर काढली. त्याचे पंख मी लोकांना बारा फूट सांगतो. आप्पा आठ म्हणतो. आजवर माझ्या ह्या एकाच आकड्याला त्यानं दहानं भागलेलं नाही.

मावशीनं खडा उचलला. मी तिचा हात धरला.

"थांबा, मावशी. नुसतं बसू द्या त्याला. पाया पडतो."

"बसू द्या? हात सोडा. ते बसायला आलंय का?"

"एवढ्या वर्षांनी आलंय..."

"तुमचा पाहुणा, अन् जेवण माझ्या घरचं?"

गिधाड दोन उड्या मारून पुढं आलं. आता मनात आलं ते लिहितोच: एक कान गेला तर जाऊ दे, असं मला वाटलं. तिच्याकडं बघवेना म्हणून, तिचा हात न सोडताच, मी गळ्यातल्या दुर्बिणीत बघत राहिलो. मला बोलण्यात गुंतवावं म्हणून की काय, ती गाईचं सांगायला लागली. किती गरीब होती, धार काढताना पाय बांधावा लागत नव्हता. पाणी आलं तेव्हा मावशीनं सगळ्या जनावरांची दावी सोडली. बाकीची गेली पळून. "हिचा पाय सुजलेला. आदल्या दिशी आमच्या गावच्या डॉक्टरनं सुई मारली होती, म्हणून उभी तरी राहिली. पळाया जमलं न्हाई."

दुर्बीण मी खाली घेतली. आप्पाचा चेहरा उतरला होता.

"कसली सुई, मावशी?" त्यानं विचारलं.

"दुखायची."

"माणसाची का ढोराची?"

"सुई ती सुई. त्याच बाटलीतली मला बी मारली की, गुडघ्याला."

डायक्लोफिनॅक असणार. ह्या औषधानं माणसाचा गुडघा हलका होतो, गाईची सूज उतरते, आणि त्या गाईचं मांस खाल्लेलं गिधाड आठवड्याभरात मरतं. देशभरातली गिधाडं ह्यानंच संपली. जनावरांना ते द्यायला बंदी आहे, पण बंदी गावात पोचायला एसटीपेक्षा उशीर लागतो.

मी मावशीच्या हातातली गोफण हिसकावली. लहानपणी मी गोफणीनं ज्वारीच्या रानातून हेलिकॉप्टर परत पाठवलं होतं, असं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. पहिला खडा माझ्याच पाठीत बसला. दुसरा नदीत. तिसरा आप्पाच्या गाडीकडं गेला, त्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. मग गोफण टाकून मी शर्ट काढला आणि तो फिरवत, बोंबलत, गुडघाभर चिखलातून त्या पक्ष्यावर धावून गेलो. मागून आप्पा, भांड्यांच्या दुकानात कधी आवाज न चढवणारा आप्पा, माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत येत होता.

गिधाड माझ्यापासून दहा पावलांवर होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पंख उघडले, दोन-तीन अवजड उड्या घेतल्या आणि उठलं. नदीवर एक गिरकी मारून खालच्या अंगाला गेलं.

मी पळत तिपाईपाशी येऊन मोठी दुर्बीण तिकडं वळवली. खाली, वळणापलीकडं, पुरानं लोळवलेल्या बाभळींत जनावरं अडकली होती. दोन म्हशी, एक वासरू, आणखी काहीतरी. राखायला कुणी नव्हतं. गिधाड तिथं उतरलं.

"त्या कुणाच्या, मावशी?"

"वरच्या गावच्या असतील."

"त्या गावाला डॉक्टर कोण आहे?"

"ह्योच की. पंचक्रोशीला ह्योच हाय."

आम्ही बांधाबांधानं निघालो. थोडं पुढं बांधच नव्हता. ओढ्यानं तोडून नेला होता आणि मधे कमरेच्या वर गाळ. आप्पा त्यात मांडीपर्यंत उतरला, मी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. पलीकडून जायला रस्ता नव्हता. आम्ही ओरडलो. एवढ्या लांबून त्याला काय ऐकू येणार.

परत आलो तेव्हा मावशीनं माझा शर्ट झटकून घमेल्यावर ठेवला होता. "येडे हाव," ती म्हणाली. "पण पाखरंच बघाया आलाव, हे आता पटलं."

उन्हं कलली तसे जनावरांचे सरकारी डॉक्टर आले. कमरेपर्यंत चिखल, डोळे लाल, कितीतरी दिवस झोपले नसावेत. गाईपाशी बसले, तोंडावर रुमाल धरून कानाचा बिल्ला पुसला, नंबर जुळवला. पंच म्हणून आमच्या सह्या मागितल्या.

"ह्यांची घेऊ नका," आप्पा म्हणाला. "हे एका गाईच्या दहा करतात."

"इथं किती जनावरं तुम्ही पाहिलीत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"एक," मी म्हणालो. खालच्या बाभळींतल्या जनावरांचंही त्यांना सांगितलं, सुईचंही. त्यांनी ऐकून घेतलं. "त्यांच्याकडं उद्या," ते म्हणाले आणि चिखल तुडवत पुढच्या पंचनाम्याला निघाले.

गाय पुरायला हवी होती, खोल. पुलावर एक जेसीबी गाळ ओढत होता. मी चालकाकडं गेलो आणि म्हणालो, उद्या सकाळी कलेक्टर ह्याच पुलावर उतरून चहा घेणार आहेत, आणि वासानं त्यांना चक्कर येते. मागच्या पुलावर आली, तिथला जेसीबी त्यांनी जप्त केला. चालकानं आप्पाकडं बघितलं. आप्पानं गंभीरपणे मान हलवली. माझ्या थापेला त्यानं दिलेला हा पहिला दुजोरा.

खड्डा पुरुषभर खोल झाला. गाय आत सरकली तेव्हा मावशीनं तिच्या काळ्या तोंडावरून पदरानं चिखल पुसला. माझा नंबर मागून घेतला. "सायेब न्हाई तर न्हाई," म्हणाली, "पण असू द्या."

आठवडा गेला असेल. नांदेडला घरी बसून मी त्या गिधाडाची गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला वाटलं, ताप आलाय. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"गाईवाली बोलून राहिले. भाच्याचा फोन हाय. तुमचा पाहुणा आलाय इथं."

"कुठं?"

"पुलाखाली, भुईवर. मान खाली टाकून बसलाय, झोप लागल्यावानी. कालधरनं तसाच. गोफण फिरवली तरी बघत न्हाई. लई माणसाळला की."

मान टाकून बसणं हे त्या औषधाचं लक्षण.

"हाकलू का राहू देऊ?"

"राहू द्या, मावशी. जवळ कुत्री आहेत का?"

"हायेत. लांब बसलीत, वाट बघत."

"मी निघतो. आप्पालाही फोन करतो."

"या बेतानं. मी बसते तोवर."

आम्ही पोचलो तेव्हा ती त्याच उलट्या घमेल्यावर बसली होती. मांडीवर गोफण, पायाशी खडे. कुत्री पलीकडच्या दगडांवर. तिच्यापुढं मातीत तपकिरी पिसांचा ढीग पडला होता. एक पंख थोडा उघडा, मान त्याच्याखाली गेलेली.

"आत्ता घटकाभरापूर्वी गेलं," ती म्हणाली. "पर एक बी जवळ येऊ दिलं न्हाई. अख्खं राखलंय. बघून घ्या काय बघायचं ते, मग पुरू."

आप्पा गाडीतून फावडं आणायला वळला.