भिंतीतलं दार

संग्रहालयात एका जुन्या विलायती हवेलीच्या दिवाणखान्याचा आराखडा काचेखाली मांडला होता. मधे फरशी, आणि पेढ्यांचा रिकामा खोका उलगडावा तशा चारी भिंती चार बाजूंना आडव्या पसरलेल्या. ग्रीक देवळासारखे खांब, आरशांच्या चौकटी, फिक्या हिरव्या रंगातली वेलबुट्टी, सगळं केसाएवढ्या बारीक रेघांत. मी नुसती बघत राहिले.

"ताई, या भिंतीत दार आहे बघ," धाकटी बहीण म्हणाली.

खरंच होतं. एकही पान न मोडता वेलीतून खाली उतरलेली एक रेघ. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की हे नोकरांचं दार, बंद असताना पाहुण्यांना भिंतच दिसावी असं केलेलं. चहा आपोआप येतो, शेकोटी आपोआप पेटते, असं वाटण्यात त्या घराचा मोठेपणा होता. एवढी सुंदर वेल, आणि ती माणूस दिसू नये म्हणून. पण कागदावर ते दार लपवता आलं नव्हतं, कारण भिंत कुठे कापायची हे सुताराला कळायला हवं.

"पलीकडे कुणीतरी ट्रे घेऊन उभं असेल ना गं?" बहिणीने हळूच विचारलं.

मी नकळत एक पाऊल मागे सरकले, दार उघडायला जागा व्हावी म्हणून.