डबल क्लिकचा भोंगा

नव्वदीच्या शेवटी मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. क्लासच्या सरांनी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीचं काम उचललं होतं. ॲसिडची गळती झाली तर कामगारानं काय करायचं, ते कॉम्प्युटरवर शिकवणारा कोर्स बनवायचा होता. तो मी बनवला. एकटीनं, पाच महिने खपून. हे आधीच सांगून ठेवते, कारण तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पंपावर क्लिक केलं की पंप थांबायचा, मग व्हॉल्व्ह दिसायचा. पण आधी मास्क घातला असेल तरच तो फिरायचा, नाहीतर भोंगा. प्रत्येक क्लिकमागे असे ट्रिगर. एक बदलला की चार बिघडायचे. हे दाबलं तर काय, ते राहिलं असेल तर काय, सगळं मी वहीत लिहून ठेवायचे. डोक्याचा पार भुगा व्हायचा.

त्यात आमच्याच क्लासचा एक प्रताप. त्या कंपनीचे कामगार आमच्याकडे माउस धरायला शिकून गेले होते आणि आम्ही त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, "डबल क्लिक करा." ते बिचारे कशावरही दोनदाच क्लिक करायचे! म्हणून मी लागोपाठच्या दोन स्क्रीनवर बटणं एका जागी येऊ दिली नाहीत, आणि नवी स्क्रीन आली की एक सेकंद कुठलंच बटण चालणार नाही असं केलं.

कंपनी ट्रेनिंग रूम काढणार होती. कोर्स बनवणाऱ्याला तिथे पर्मनंट नोकरी. बाबांची कंपनी बंद पडलेली, ती नोकरी मला हवीच होती. आणि सरांनी पहिल्या स्क्रीनवर नाव टाकलं कुणाचं? स्वतःच्या भाच्याचं! विचारलं तर म्हणाले, "अगं, तू काय, उद्या लग्न करून जाशील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाच्याची कर्तबगारी एवढीच, की "छान दिसतं" म्हणून सगळी बटणं मधोमध आणली आणि "स्लो वाटतं" म्हणून तो एक सेकंद काढून टाकला. काय होणार ते मला तिथल्या तिथे कळलं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, पड मेल्या तोंडावर, सगळ्यांसमोर पड.

कोर्स दाखवायच्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये कॉम्प्युटर मांडला. पुढे साहेब लोक, मागे कामगार. पहिला माणूस बोलावला तो आमच्याच चाळीतला, शेजारचे काका. उभं आयुष्य त्याच कंपनीच्या पंपावर गेलेलं. त्यांनी "पंप बंद करा"वर क्लिक केलं, शिकवल्याप्रमाणे दोनदा. दुसरा क्लिक पडला पुढच्या स्क्रीनवरच्या "व्हॉल्व्ह उघडा"वर, मास्क घालायच्या आधीच. भोंगा! "अपघात. तुम्ही नापास." काकांनी परत केलं, परत भोंगा.

आता याची जिरणार म्हणून मी भाच्याकडे बघत होते. तर तो हसून म्हणाला, "राहू द्या काका, तुमच्याच्याने नाही व्हायचं." साहेब हसले. मागचे कामगारही हसले. काकांनी मान खाली घातली.

मी उठले. "काकांचं काही चुकलेलं नाही. बटणं चुकीच्या जागी आहेत. याला बसवा आणि करू दे डबल क्लिक." भाच्याला बसावंच लागलं. भोंगा वाजला. दुरुस्त कर म्हटल्यावर गड्याला स्वतःच काढलेला तो एक सेकंद परत कुठे घालायचा तेही सापडेना. सरांचा चेहरा पडला. काय गार वाटलं जिवाला! अजून वाटतं.

मग मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "कोर्स तुम्ही बनवलात?"

"हो."

"आणि ही चूक कधी लक्षात आली?"

खोटं बोलता आलं असतं. पण काका बघत होते. "आठ दिवसांपूर्वी," मी म्हटलं.

नोकरी भाच्याला मिळाली नाही, मलाही नाही. संध्याकाळी मी काकांच्या दारात गेले. आत ये म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "पोरी, हे आठ दिवस आपण रोज एकाच नळावर पाणी भरत होतो ना?"