सहादूनानांचं विमानांना पत्र

चांदवडच्या बाजार समितीत आमच्या सहादूनानांइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि हे मी शेजारधर्म पाळून सौम्य शब्दांत सांगतोय. कांद्याची ट्रॉली लिलावाला लावली की नाना आधी भाव ऐकत नाहीत, बोली लावणारी तोंडं बघतात. दोन तोंडं खरोखर भांडत असतील तरच माल सोडायचा, नाहीतर ट्रॅक्टर वळवून घरी. मागे तिथले दोन मोठे व्यापारी एकमेकांचे व्याही झाले. सगळे लग्नाच्या जेवणावर खूश होते. नाना मात्र मांडवातच म्हणाले, आता आपला भाव गेला. पुढच्या लिलावात एक व्याही बोलला आणि दुसरा खिशात हात घालून उभा राहिला. तेव्हापासून नानांना कुणाचीच सोयरीक बघवत नाही.

हा नियम ते घरीदारीही चालवतात. दाढीला दोन न्हावी, आलटून पालटून, कोणी माजू नये म्हणून. चहाच्या टपऱ्याही दोन. त्यांच्या मंडळी विमलाबाई सांगतात, की नाना त्यांना बघायला आले ते निफाडची एक मुलगी बघूनच, आणि तसं त्यांनी भर बैठकीत बोलूनही दाखवलं. विमलाबाईंचे वडील म्हणाले, मग निफाडलाच जा. त्यावर नानांनी मुकाट्याने पोहे खाल्ले आणि लग्न ठरलं.

अशा माणसाच्या वाचनात विमानांची सोयरीक आली. ओझरहून उडणाऱ्या दोन कंपन्या, एक मोठी आणि एक धाकटी, एकत्र होणार होत्या. त्याने स्पर्धा संपते की काय हे तपासायला दिल्लीत सरकारी आयोग बसला होता, आणि ज्यांना झळ पोचेल त्यांनी लेखी म्हणणं मांडावं, अशी जाहीर सूचना पेपरात आली होती. नाना पेपर घेऊन थेट माझ्या ओट्यावर आले. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे गावातले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात.

मी विचारलं, नाना, तुम्हाला कसली झळ? ते म्हणाले, एकदा विमानाने हैदराबादला जाऊन आलोय, परत जावंसं वाटलं तर? त्यांची मुलगी पायल त्याच धाकट्या कंपनीत आहे. ओझरच्या विमानतळावर प्रवाशांचं सामान घेण्याच्या काउंटरवर बसते. हैदराबादचं स्वस्त तिकीट तिनेच शोधून दिलं होतं. पण नाना त्याचं श्रेय पायलला देत नाहीत, एका कंपनीला दुसरीची भीती होती त्याला देतात.

पत्र झकास झालं. व्याह्यांची गोष्ट, नावं गाळून, मी त्यात अशी बसवली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. नानांनी पत्र पाठवलं आणि गावभर सांगितलं. सगळ्यांना कळलं, एक पायल सोडून.

ती सुट्टीला घरी आली तेव्हा विमलाबाईंनी तिला सांगितलं. पायलने आरडाओरडा केला नाही, केला असता तर नानांना सोपं गेलं असतं. तिने समजावून सांगितलं, की धाकटी कंपनी डबघाईला आली आहे, पगार रखडतायत. आयोगाने सोयरीक मोडली तर कंपनी बंद पडणार आणि तिची नोकरी जाणार. मोठीने पदरात घेतलं तर नोकरी टिकेल.

"नाना, दुसरा व्यापारी पाहिजे हे खरंय," ती म्हणाली. "पण त्याच्याकडं पैसेच नसले तर त्याची बोली काय कामाची?"

सगळ्यांच्या वर बोली लावून, पैसे न देताच गाव सोडून पळालेला व्यापारी नानांनी स्वतः पाहिला होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. दाढीचे खुंट वाढले, दोन्ही न्हावी काळजीत पडले. शेवटी नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, दुसरं पत्र लिहा, कंपन्या एक होऊ द्या म्हणावं. मी नाकाने कांदे सोलत म्हणालो, की एकाच माणसाने एकाच विषयावर दोन उलटी पत्रं पाठवणं शोभत नाही. नाना म्हणाले, सर, तुम्हाला पोरगी नाही. मला खरंच नाही. मी गुपचूप लिहून दिलं.

मग एक दिवस आयोगाचा फोन आला. मी पिशवी घेऊन त्यांच्या कांदे साठवायच्या चाळीत कांदे मागायला गेलो होतो. पायल घरी होती, सडका कांदा निवडून बाजूला टाकत होती. नानांना कमी ऐकू येतं म्हणून तिनेच फोनचा स्पीकर लावून दिला. अधिकारी मराठीच निघाला, अमरावतीकडचा. त्याने अदबीने विचारलं, की काका, तुमची दोन पत्रं आलीत, त्यातलं तुमचं म्हणणं कोणतं धरू?

पायलचा हात थांबला. एरवी मी नानांना चिडवायची संधी सोडत नाही, पण त्या वेळी मला त्यांची फार कीव आली. वाटलं, आता लेकीकडे बघून सांगून टाका दुसरं म्हणून, कोण काय म्हणणार आहे? नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"साहेब, पहिलं खरं हाय," ते म्हणाले. "दोन कंपन्या राह्यल्याच पायजे. दुसरं बापानं लिव्हलंय."

अधिकाऱ्याने विचारलं, की मग दुसरं पत्र काढून टाकू का?

नाना पायलकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाय," ते म्हणाले. "तेबी राहू द्या."