आतल्या खोलीतलं पिल्लू

मुलीने पिल्लू घरी आणलं त्या दिवशी सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हातारीचं काय ठरवलंय तुम्ही?"

म्हातारी म्हणजे त्यांची मांजर. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे डाग, एका कानाचं टोक कुठल्याशा जुन्या भांडणात गेलेलं. सासूबाई होत्या तेव्हा ती डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आली आणि राहिली. पुढे सासूबाई गेल्या. मग ती इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा सासरे आमच्याकडे कळव्याला राहायला आले आणि मांजरही आली. आमचं घर तिने कधीच पूर्ण मान्य केलं नाही. सासऱ्यांची खोली, बाल्कनीतली खुर्ची आणि सोफ्याचा एक कोपरा, एवढंच तिने स्वीकारलं होतं.

सासऱ्यांचा स्वभाव मुळात संशयी. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघणार, दोन पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढणार. बिल्डरचा माणूस फोनवर गोड बोलला तर हा एवढा गोड का बोलतोय म्हणून त्यांचा दिवस खराब. पिल्लाच्या बाबतीतही त्यांचा तर्क तयार होता. म्हातारी थकली होती, हल्ली खुर्चीवर चढण्याआधी अंदाज घ्यायची आणि कधीकधी न चढताच मागे फिरायची. आणि नेमकं आत्ताच घरात नवं मांजर आलं, म्हणजे सुनेने आणि नातीने पुढची सोय करून ठेवली.

खरं तर ठरवलेलं काहीच नव्हतं. मुलगी ठाण्याला कॉलेजात जाते. तिथल्या पार्किंगमध्ये हे पिल्लू एका स्कूटरच्या चाकाला चिकटून ओरडत बसलेलं, ते तिला टाकून येववेना. करड्या पट्ट्यांचा, मुठीएवढा बोका, डोळे चिपडांनी अर्धे मिटलेले. नवरा नोकरीसाठी नाशिकला असतो. फोनवर तो एवढंच म्हणाला की आधी बाबांना विचारा. पण तोवर पिल्लू बशीत पाय टाकून दूध पीत होतं.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी बजावलं की घाई करायची नाही. पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा, दार बंद. आधी वासाने ओळख होऊ दे, मग आवाजाने, समोरासमोर सगळ्यात शेवटी. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या ताटलीपाशी ठेवा. त्याप्रमाणे पिल्लाची रवानगी मुलीच्या आतल्या खोलीत झाली.

म्हातारीला काही सांगावं लागलं नाही. ती त्याच संध्याकाळी बंद दारासमोर येऊन बसली. दाराखालच्या फटीला नाक लावलं, मागे झाली, पुन्हा लावलं. आतून खेळण्याचा, धडपडण्याचा आवाज आला की तिचे कान मागे जायचे आणि घशातून एक बारीक गुरगुर निघायची. फटीतून पिल्लाचा पंजा बाहेर आला तेव्हा तर ती फिस्कारून थेट सासऱ्यांच्या पलंगाखाली गेली. पिल्लाला मात्र ही सगळी गंमत वाटत होती. पंजा बाहेर काढायचा, आत घ्यायचा, पुन्हा काढायचा.

मी पिल्लाचं फडकं म्हातारीच्या ताटलीजवळ ठेवलं. तिने ताटलीकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही. सासरे माझ्याशी न बोलता मांजरीशी बोलायला लागले, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. "नको खाऊस. आपण पाहुणेच ना इथे," असं काहीतरी.

मला काळजी वाटायला लागली, आणि मग शंकाही. मांजर काही खात नाही, तरी तिचं पोट भरलेलं कसं? एकदा त्यांच्या खोलीत केर काढताना पलंगाखाली स्टीलची वाटी सापडली आणि वाटीला उकडलेल्या बांगड्याचा वास. वाटी धुऊन मी होती तिथे परत ठेवली. पण तेव्हापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले आणि बहुतेक ते त्यांच्या लक्षात आलं.

पहिली भेट बिघडली. मुलीने दार किलकिलं केलं, म्हातारी दूर सोफ्याच्या कोपऱ्यात होती. पिल्लाने इकडे तिकडे बघितलं, तिची खाली लोंबणारी शेपटी दिसली आणि ते सरळ धावत जाऊन शेपटीवर पडलं. म्हातारीने एकच फटका मारला. पिल्लाच्या नाकावर रक्ताची रेघ उमटली. सासरे उठून उभे राहिले. मला वाटलं आता ते पिल्लाला रागावतील. ते मुलीला म्हणाले, "बघितलंस? तिला त्रास द्यायलाच आणलंय हे."

मुलगी रडत आत गेली. त्यानंतरच्या दिवसांत सासरे बाल्कनीत जाऊन हळू आवाजात फोन करायचे. मी चहा घेऊन गेले की बोलणं हवापाण्यावर यायचं. एकदा कानावर शब्द आले: दुकान, उंदीर, बोका. दिवा गावात त्यांचा एक जुना मित्र किराणा मालाचं दुकान चालवतो, एवढं मला माहीत होतं.

त्या आठवड्यात ठाण्याच्या ऑफिसातून मला लवकर सुटी मिळाली. घरी आले तर आतल्या खोलीचं दार सताड उघडं. पिल्लू नाही. सासरे नाहीत. दारामागच्या खुंटीवरची त्यांची जाड कापडी पिशवी नाही. म्हातारी उघड्या दाराच्या उंबऱ्यावर बसून रिकाम्या खोलीत बघत होती. आत जात नव्हती, बाहेरही येत नव्हती.

मी सासऱ्यांना फोन लावला. वाजत राहिला. मुलगी कॉलेजातून आली, तिने खोली बघितली आणि माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं पिल्लू देऊन टाकायला मी होकार दिला असेल. तिला तसं वाटलं हे मला फार लागलं. मी तिला बांगड्याच्या वाटीपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. ती दिव्याला जायला निघाली, मी तिला थांबवलं. दुकान कुठल्या गल्लीत आहे हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमाराला बेल वाजली. सासरे दारात, शर्ट घामाने भिजलेला, पिशवी पोटाशी धरलेली. पिशवीच्या तोंडातून करडे कान दिसत होते.

ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "नेलं होतं मी. द्यायलाच नेलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. मित्राच्या दुकानात पोत्यांना उंदीर लागलेले, त्याला बोका हवाच होता. जागाही बरी होती. पण पोत्यांच्या मागे यांना लाल गोळ्या दिसल्या, उंदरांसाठी टाकलेल्या. मी कुठेही गेलो तरी कोपरे बघतोच, ते म्हणाले, मला सवयच आहे. त्यांनी मित्राला विचारलं, याने त्या खाल्ल्या तर? की याने गोळी खाल्लेला उंदीर खाल्ला तर? मित्र हसून म्हणाला, मग दुसरं आणू, मांजरांना काय तोटा.

"दुसरं आणू म्हणाला," सासरे पुन्हा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटायचं तुम्ही असं बोलता. माझ्यामागे."

"नाही बोलत, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. मुलीने पिशवीतून पिल्लाला काढायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि पिशवी जमिनीवर ठेवली. पिल्लू स्वतःच बाहेर आलं. आज ते धावलं नाही, पोट जमिनीला टेकवून बसून राहिलं. अंगाला मसाल्याचा, गोणपाटाचा, परक्या रस्त्याचा वास असणार. म्हातारी आली. तिने आधी पिशवी हुंगली, मग पिल्लाला शेपटीपासून डोक्यापर्यंत. एकदा फिस्कारली. पिल्लू हललं नाही. मग तिने त्याचं डोकं दोनदा चाटलं, तिसऱ्यांदा एक चापट मारली आणि सोफ्यावर निघून गेली. मुलगी हसली. सासरे म्हणाले, "यात काही विशेष नाही. दमलंय ते म्हणून सोडलं तिने."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस म्हातारी जेवताना मान वर करून पिल्लू कुठे आहे ते बघायची, मगच घास घ्यायची. त्याने सोफ्याच्या कोपऱ्याकडे पाऊल टाकलं की गुरगुर. पण पिल्लू वाढत गेलं, दाराआडून उडी मारायचं, तिच्या पुढ्यात लोळायचं, आणि तिच्या रागातला जोर कमी होत गेला. कधीतरी दुपारी दोघं बाल्कनीतल्या उन्हात झोपलेली दिसायची, मध्ये हातभर अंतर ठेवून.

बोका मोठा झाला तसं डॉक्टरबाईंनी त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. त्याला घरी आणलं तर म्हातारीने त्याला ओळखलंच नाही. अंगाला औषधांचा वास, चाल अडखळती. तिची शेपटी फेंदारली, पाठ कमानीसारखी झाली, जणू हा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. मी आणि मुलगी त्याला आत न्यायला निघालो, इतक्यात सासरे त्यांच्या खोलीतून आले. गुडघ्यांवर हात देत ते सावकाश म्हातारीशेजारी खाली बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती त्यांच्याही हाताखाली गुरगुरत होती.

"अगं, आपलाच आहे तो," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं, बोक्याकडे बघितलं, आणि तिथेच बसून राहिली. विश्वास ठेवायची तिला काही घाई नव्हती.